करंजवाडीचा चढ

१

भुजंग सोनकांबळेच्या मोटारसायकलीला त्या उन्हाळ्यात दम लागायला सुरुवात झाली.

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार काळ लोटला नव्हता. नवा जिल्हा म्हणजे नव्या पाट्या, आणि त्यांच्यामागं उस्मानाबादहून आलेली जुनीच टेबलं. त्यात दुष्काळ पडला. पाणीटंचाईच्या कामावर नेमलेल्या भुजंगचा मुक्काम जवळजवळ गाडीवरच पडला. सकाळी उदगीरहून निघायचं, जळकोटच्या बाजूची गावं फिरायची, टँकर आला का, विहिरीत काय उरलंय, बोअरला काय लागलं ते बघायचं आणि ऊन उतरायला परत फिरायचं. लोक त्याला 'इंजेर साब' म्हणत. ते ऐकलं की त्याची मान जरा ताठ व्हायची, आणि का होऊ नये? वस्तीतला पहिला इंजिनिअर होता तो.

जळकोटच्या अलीकडं एक लांब चढ लागतो. चढाच्या पायथ्याशी बाभळीचं झाड, त्यामागं कुणाच्या तरी शेतातली विहीर, आणि चढ संपला की डाव्या हाताला करंजवाडीचा फाटा. भुजंगची गाडी हा चढ गुणगुणत चढायची. एका मंगळवारी ती बाभळीपाशी आली आणि एकदम बसली. बंद पडली नाही, बसली. मागचं चाक दबलं, हँडल हलकं झालं, इंजिनाचा आवाज जडावला. गिअर उतरवून, धापा टाकत गाडी कशीबशी वर गेली आणि फाट्यापाशी तितक्याच अचानक मोकळी झाली. मागचे स्प्रिंग कुरकुरत वर आले.

पंक्चर असेल म्हणून तो उतरला. हवा भरपूर होती.

आदल्या दिवशी याच जागी काय झालं होतं ते त्याला आठवत होतं. पण त्याचा गाडीशी संबंध लावायला तो काही अडाणी नव्हता.

सोमवारी त्याच्या मागं व्यंकटराव बसले होते. व्यंकटराव त्याचे घरमालक. उदगीरच्या चांगल्या आळीत त्यांनी त्याला खोली दिली होती. आडनाव विचारलं तेव्हा भुजंगनं 'करंजकर' सांगितलं होतं, आणि एकदा सांगितल्यावर तेच चालू राहिलं. त्या दिवशी व्यंकटरावांना जळकोटला पाहुण्यांकडं जायचं होतं, म्हणून त्यानं त्यांना गाडीवर घेतलं.

बाभळीखाली चांगुणा बसली होती. चांगुणा त्याची आत्या. आई गेल्यावर हिनंच त्याला करंजवाडीला आणून वाढवलं, खडी फोडून शिकवलं. गावातला टँकर चावडीपाशी थांबून परत फिरायचा, वस्तीकडं वळायचा नाही. म्हणून या वयात ती पितळी घागर घेऊन चढाखालच्या विहिरीवर यायची. टँकर वस्तीपर्यंत न्यायचा हुकूम खुद्द भुजंगच देऊ शकत होता. साहेबानं आपल्या लोकांचं केलं असं कोणी म्हणू नये म्हणून त्यानं तो दिला नव्हता.

गाडी बघून ती उठली आणि हात वर करून मोठ्यानं म्हणाली, "जयभीम, बापू! थांब की रं, मला न् घागरीला वर नेऊन सोड!"

भुजंगनं नजर समोर ठेवली. गाडी जराही हळू केली नाही.

"कोण हो ती?" व्यंकटरावांनी मागून विचारलं.

"कुणास ठाऊक. साहेब दिसला की हात करतात हे लोक."

हे लोक. शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. ऊन फार होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

२

आठवडाभरात त्यानं गाडीचं सगळं तपासून घेतलं. कार्बोरेटर साफ केला, ब्रेक घासतोय का पाहिलं, क्लचच्या प्लेटा बदलल्या. गाडी उदगीरच्या सगळ्या चढांवर पाखरासारखी चालत होती. दमायची ती फक्त बाभळीपासून फाट्यापर्यंत, आणि फक्त जाताना.

शिकलेला माणूस होता, त्यानं प्रयोग केला. उदगीरबाहेरच्या एका चढावर मागच्या सीटला वाळूचं पोतं बांधून तो वर गेला. आवाज तसा आला, पण फार जड. थोडी वाळू काढली. आणखी काढली. मग एकदा नेमका तोच आवाज आला, तसंच हँडल हलकं झालं. पोत्यात आता जेमतेम एका वाळक्या म्हातारीएवढं वजन उरलं होतं, फार तर वर एक भरलेली घागर. हे लक्षात आलं तसं त्यानं पोतं सोडून वाळू रस्त्याच्या कडेला ओतली आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी दौऱ्याहून परतल्यावर त्यानं गाडी अंगणात लावली. व्यंकटरावांच्या पत्नी केवळाबाई ओसरीवर धान्य निवडत बसल्या होत्या.

"भुजंगराव, सीटवर पाणी कुठलं हो? आमच्याकडं तोंड धुवायला पाणी नाही, आणि तुम्ही गाडी धुता का काय?"

त्यानं हात लावून पाहिला. मागची सीट ओली होती, पुढची कोरडी. दिवसभराच्या उन्हात पत्रा पोळत होता आणि सीटच्या शिवणीतून मात्र थेंब गळत होते.

"टँकरवाल्यानं उडवलं असेल," तो म्हणाला.

"तुमच्या पाठीवर पण उडवलंय की," केवळाबाई म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या.

खोलीत जाऊन त्यानं शर्ट काढला. पाठीवर कमरेच्या जरा वर ओला डाग होता, घागरीच्या काठासारखा वाकडा. त्याला तेव्हा भीती कमी आणि लाज जास्त वाटली. चोरी उघडी पडावी आणि पकडणारा मात्र काही बोलू नये, तसं काहीतरी. त्या दिवसापासून त्यानं गाडीचा आरसा खाली वळवून ठेवला. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, हे कारण कुणी विचारलं नाही तरी त्यानं तयार ठेवलं होतं.

३

करंजवाडीच्या चावडीपाशी जायचं तो टाळत होता. पण टँकर फुटल्याची तक्रार आली आणि जावंच लागलं. हंड्यांच्या रांगेशेजारी पिराजी उभा होता. पिराजी आत्याचा शेजारी, वस्तीतला जुना माणूस. भुजंगला लहानपणी खांद्यावर बसवून त्यानं जत्रा दाखवली होती.

"जयभीम, साहेब."

भुजंगनं इकडंतिकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

"तुमचं कौतुक करायचं ऱ्हाऊन गेलतं," पिराजी म्हणाला. "म्हातारीला रोज घागरीसकट फाट्यापर्यंत आणून सोडून राहिले तुमी. न्हाई तर आजकाल कोण कोणाचं बघतंय? चांगुणा तर गावभर सांगत सुटली, माझ्या बापूनं मला गाडीवर बसवलं म्हून."

"कोणी पाहिलं?" भुजंगच्या तोंडून निघून गेलं.

"कोणी म्हंजे? वस्तीवरनं आख्खा चढ दिसतोय की. तुमी पुढं, म्हातारी मागं, मांडीवर घागर. लई बरं वाटतं बघा."

रांगेतल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. एकीनं पदरानं डोळे पुसले. भुजंगनं तेव्हाच सांगायला हवं होतं, की तो मी नव्हे, मी थांबलोच नाही, त्या सोमवारी नाही आणि नंतर एकदाही नाही. त्याचं तोंडही उघडलं. पण सगळे त्याच्याकडं इतक्या मायेनं बघत होते की त्याला ते सोडवेना. "माझं कामच आहे ते," तो म्हणाला. असलं फुकटचं कौतुक त्यानं जन्मात कधी घेतलं नव्हतं.

वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. आत्याला जाऊन भेटावं असं वाटलं, पण भेटून काय बोलणार? गाडी वळवून तो दुसऱ्या रस्त्यानं निघून गेला.

४

गाडी त्यानं नांदेडहून घेतली होती. डीलर वीरण्णा मूळचा देगलूरचा, दांडगा माणूस, ग्राहकाच्या खांद्यावर हात टाकून, मधेमधे कानडी मिसळूनच बोलायचा. भुजंगनं तक्रार सांगितली. वीरण्णानं गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवलं, मग खाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

"नोडी साब, इंजिनाला काय झालं नाही. लोड जास्ती झालंय. मागचे स्प्रिंग बसलेत. सीटचा स्पंज मागनं दबलाय. मागं रोज कोण बसतंय?"

"कोणी नाही. एकटाच असतो मी."

"मग हे काय?" वीरण्णानं मागच्या माणसानं पाय ठेवायचा खुंटा बोटानं दाखवला. डाव्या बाजूचं रबर पार झिजून गुळगुळीत झालं होतं. उजवीकडचं नवंकोरं होतं. "बाईमाणूस एका अंगानं बसतंय, दोन्ही पाय डावीकडं सोडून. मालकीण का?"

"लग्न नाही झालं माझं."

वीरण्णा खो खो हसला. "आयतु, आयतु! बरं बरं, मी विचारलंच नाही म्हणा."

भुजंगचा चेहरा पडला. या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकावं असं क्षणभर त्याला वाटलं. आत्या आहे माझी, मला तिची लाज वाटली, आणि आता मला माझी वाटते. पण दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. सांगायला जमलं नाही.

"ताकद वाढवता येईल का?" त्यानं विचारलं.

वीरण्णाचे डोळे चमकले. लांबचे दौरे करणाऱ्यांसाठी नवा किट आला होता. मोठं सिलिंडर, जाड पिस्टन, रुंद तोंडाचा कार्बोरेटर. तो डीलरनंच बसवायचा, बाहेरच्या मेस्त्रीच्या हातात द्यायचा नाही अशी अट होती. भुजंगनं हो म्हटलं. इंजिन उघडून त्याचे भाग फडक्यावर मांडलेले असताना तो समोर स्टुलावर बसून होता. मागच्या वजनाचं काही करायला तो आलाच नव्हता. ते आपल्याला जाणवू नये एवढंच त्याला हवं होतं.

काम झाल्यावर वीरण्णानं किक मारली. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. दोघांनी गोदावरीच्या पुलावर चक्कर मारली. खाली पाण्याऐवजी वाळू चमकत होती.

"आता मागं हत्ती बसवा," वीरण्णा कानाशी ओरडला. "फक्त एक ध्यानात ठेवा. रेस एकदम दिली की उडी मारती. मागच्या माणसाला धरून बसायला सांगायचं."

"मागं कोणी नसतं," भुजंग म्हणाला.

"आयतु," वीरण्णा म्हणाला, पण या वेळी तो हसला नाही.

५

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी तो बाभळीपाशी आला. झाडाखाली कोणी नव्हतं. त्यानं नीट पाहिलं होतं, याची नंतरही त्याला खात्री होती. सावलीत फक्त घागर ठेवल्याचा ओला गोल होता.

गाडी हळू झाली. त्यानं ब्रेकला पाय लावला नव्हता, तरी झाली. मग मागचे स्प्रिंग सवयीनं दबले, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. बसताना बाई आधाराला हात ठेवते तेवढंच.

एवढे दिवस गाडी धापा टाकायची, त्यामुळं तोही दात खाऊन वर जायचा. आज नव्या इंजिनाला काहीच वाटत नव्हतं. ते शांतपणे दोघांना घेऊन चढत होतं, आणि त्या शांततेत मागचा श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, दमलेला, सुखावलेला श्वास. त्याला ते सुख सहन झालं नाही. उतर, असं तो मनात म्हणाला, आणि मूठ पूर्ण पिळली.

गाडीनं उडी मारली. खांद्यावरचा हात सरकला, शर्ट एकदा ओढला गेला आणि सुटला. मागं रस्त्यावर पितळ आपटल्याचा आवाज झाला, ते ठणठणत उताराला लागलं. त्याबरोबर एक हाकही आली. हत्यारांची पेटी वाजली असेल, असं तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, कारण मनात म्हणून भागत नव्हतं.

त्यानं मागं पाहिलं नाही. गाडी इतकी हलकी झाली होती की फाटा कधी मागं पडला ते कळलंही नाही. वारा तोंडावर येत होता, आणि लाज वाटावी इतकं त्याला बरं वाटत होतं. येताना मात्र तो लांबच्या रस्त्यानं आला.

६

सकाळी ओसरीवर व्यंकटरावांबरोबर तो चहा पीत होता, तेव्हा फाटकात पिराजी येऊन उभा राहिला. पहिल्या यस्टीनं आला होता. चपला हातात, धोतर धुळीनं भरलेलं.

"जयभीम, साहेब."

व्यंकटरावांनी कप खाली ठेवला. केवळाबाई दारात येऊन थांबल्या. भुजंगला त्यांच्याकडं बघवेना आणि पिराजीकडंही बघवेना. पण पिराजीचे ओठ थरथरत होते.

"जयभीम, पिराजीमामा," भुजंग म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "काय झालं?"

"आत्या पडली. डोक्याला मार हाय. रातभर तुमचंच नाव घेऊन राहिली."

"कुठं पडली?"

पिराजीनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. "कुठं म्हंजे? तुमच्या गाडीवरनं की, साहेब. आमी वरनं पाह्यलं. हाका मारल्या, तुमी थांबले न्हाईत."

व्यंकटरावांनी सावकाश विचारलं, "बाभळीखाली हात करत होती, ती का?"

"हो. माझी आत्या आहे ती. माझं आडनाव करंजकर नाही, सोनकांबळे आहे."

"तुम्ही तर म्हणाला होता—"

"म्हणालो होतो," भुजंग म्हणाला आणि किल्ली घेऊन उठला. व्यंकटराव काय म्हणतील, खोली राहील की जाईल, याची महिनोन्महिने उराशी धरलेली भीती त्या घटकेला त्याच्या मनातही आली नाही. हे इतकं सोपं होतं, याचीच त्याला लाज वाटत होती.

७

आत्या बाबासाहेबांच्या फोटोखाली वाकळेवर पडली होती. कपाळाला धडप्याची पट्टी, डावा हात सुजलेला. कोपऱ्यात चेपलेली घागर. पिराजीला गाडीवर घेऊन आलेला भुजंग तिच्याजवळ बसला. तिनं डोळे किलकिले केले आणि हसली.

"आलास व्हय, बापू? पिराजीला म्हनलं व्हतं, त्याला कामात तरास देऊ नकोस."

"आत्या, काल—"

"माझीच चूक हाय. पकड सुटली. नवीन यंजन घातलंस न्हवं? कसली उडाली गाडी!" तिनं त्याचा हात थोपटला. "लई केलंस रं माझं. रोज थांबायचास. बोलत न्हवतास, म्या म्हनायची, साहेब मानूस हाय, रस्त्यात काय बोलनार."

भुजंग तिच्याकडं वाकला. "आत्या, त्या सोमवारी तू जयभीम घातलास. माझ्या मागं एक जण होता—"

"कोन व्हता? कोनी न्हवतं. हात केला आन् तू थांबलास की. पहिला दिस तो. मला कसा इसरंल?"

तिचा चेहरा इतका निवांत होता की त्याला पुढं बोलवेना. तिच्यापाशी एक चांगला भुजंग होता. तो तिच्याकडून काढून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही असं त्याला वाटलं, आणि तो गप्प बसला. नंतर आयुष्यभर त्याला त्या गप्प बसण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

यस्टी दुपारनंतर होती, टँकर येऊन गेला होता. तिला गाडीवरच उदगीरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. "बसते की, सवय हाय मला," ती म्हणाली. पिराजीनं तिला उचलून मागं बसवलं, दोन्ही पाय डावीकडं. झोक जाऊ नये म्हणून तिचं जुनं लुगडं दोघांभोवती गुंडाळून भुजंगच्या पोटावर गाठ मारली.

तिला बसवलं तेव्हा स्प्रिंग दबले नाहीत. तिच्यात आता राहिलंयच काय, असं म्हणत त्यानं गाडी चालू केली.

फाट्यावरून गाडी चढ उतरू लागली. आत्या बोलत होती. टँकर वस्तीवर येईल का रं, एवढं तिनं विचारलं. "उद्यापासून येईल," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं.

"बापू," ती अगदी कानाशी म्हणाली, "आज गाडी हलकी चालती बघ."

पुढं ती काही बोलली नाही. त्यानं दोनदा हाक मारली. गाडी नुसती वाहत होती, मूठ न पिळता, आदल्या दुपारी आत्याला पाडून तो सुटला होता तशीच. पोटावरची गाठ घट्ट होती. पाठ मात्र ओली होत चालली होती.

बाभळीपाशी त्यानं गाडी थांबवली. मान वळवायचा धीर होईना. खाली वळवलेला आरसा त्यानं हात लावून वर केला.

आरशात त्याच्या खांद्यामागं कोणाचंही डोकं नव्हतं. तिथं मोकळा रस्ता दिसत होता, आणि रस्त्याकडंला बाभळीच्या सावलीत चांगुणा बसली होती. मांडीवर धड, न चेपलेली घागर. तिनं गाडीचा आवाज ऐकला, मान उचलून त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि नजर समोर वळवली. ओळख नसलेल्या माणसाकडं बघून वळवतात तशी.

"जयभीम, आत्या," तो म्हणाला.

तिनं पाहिलं नाही.

"जयभीम!" तो ओरडला. इंजिन चालू होतं, उतारावर चिटपाखरू नव्हतं. पोटावरची गाठ दोन्ही हातांनी गच्च धरून, मागं न बघता, तो पुन्हा पुन्हा जयभीम घालत राहिला आणि उत्तराची वाट बघत राहिला.